ऐकणाऱ्याकडचे देणे

सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना उन्हाळा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दिवसा पारा चाळिशी ओलांडतो, रस्ते ओस पडतात आणि माणूस जे काही करायचे ते मगरिबनंतर करतो. लग्ने, दावती, जलसे, भांडणे, सगळे रात्री. आपले सण आणि उरूस चांद्र महिन्यांवर चालतात, त्यामुळे ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतात. 2024 साली गुलबर्ग्याच्या हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचा जिलकादचा उरूस असाच ऐन मे महिन्यात आला. गुलबर्गा आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्या उरुसाला दूरदूरच्या कव्वाल पार्ट्या येतात आणि परतीच्या वाटेवर कोणी बोलावले तर एखादी रात्र आणखी कुठेतरी गातात. अशीच एक पार्टी आमच्या वस्तीजवळच्या मोकळ्या मैदानात गायला आली. आम्ही चार-पाच शिक्षक, शेजारीपाजारी, मुलेबाळे, सगळे ऐकायला गेलो.

कव्वालांचे वर्षही उरुसांच्या हिशेबाने चालते, हे आम्हांला त्या रात्री नव्याने उमगले. रजब-शाबानमध्ये कामाची गर्दी, रमजानचा महिना जवळजवळ कोरडा, मग ईदनंतर पुन्हा गावोगाव फिरणे. एका टेम्पोत सात-आठ माणसे, दोन बाजे, ढोलक, तबला, कपड्यांच्या बॅगा आणि पाण्याचा जार. सतरंजी अंथरलेल्या मंचावर ही माणसे बसली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रवासाची धूळ दिसत होती. पण मुख्य कव्वालाने हम्दची पहिली ओळ उचलली, मागच्या हमनवांनी टाळी दिली, आणि मैदान निवळले. हम्दनंतर नात, नातनंतर मनकबत, मग हळूहळू गजल. समोर पुरुष, कनातीच्या पलीकडे बायका, आसपासच्या गच्च्यांवर आणखी बायका आणि पोरे. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांचे कान बधिर होतात ती माणसे त्या रात्री एकेका शब्दासाठी मान पुढे करून बसली होती. एका वृद्ध गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसण्याचे भान त्यांना नव्हते. आमचीही अवस्था फार वेगळी नव्हती.

नजराणाही भरपूर पडला. दहाच्या, वीसच्या नोटा. कोणी अदबीने वाकून ठेवत होते, कोणी मित्राच्या डोक्यावरून ओवाळून उधळत होते. उधळलेल्या नोटा गोळा करायला एक पोरगा मंचावर सारखा वाकत होता.

रात्री साडेबाराच्या सुमारास कार्यक्रम संपला. माणसे पांगली. आम्ही पाणी प्यायला मंचाच्या मागे गेलो तेव्हा ढोलक वाजवणारे चाचा टेम्पोच्या पायरीवर बसून पावासोबत काहीतरी खात होते. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. आम्ही विचारले, "चाचा, खाना नहीं हुआ?" ते हसून म्हणाले, "बस, ये हो रहा है।" संयोजकांपैकी एकाच्या घरी पाहुण्यांसाठी बिर्याणीची देग चढली होती, हे आम्हांला ठाऊक होते. पाहुण्यांत गाणारे धरलेले नव्हते. परतताना आमच्याच घोळक्यातले एक जण, जे दोन तास "वाह, क्या बात है" म्हणत मान डोलवत होते, ते म्हणाले, "गाते अच्छा हैं, लेकिन आखिर मिरासी लोगां। इनको घर में कौन बिठाता?" कोणी हसले. कोणी काहीच बोलले नाही. काहीच न बोलणाऱ्यांत आम्ही होतो.

हा लेख त्या गप्प राहण्याबद्दल आहे.

प्रश्न साधा आहे. ज्या गाण्याने आपले डोळे भरून येतात, ते गाणाऱ्याला आपण आपल्या दस्तरखानावर का बसवत नाही? ज्या गोष्टीचा आस्वाद आपण घेतो तिचा कमीपणा मात्र दुसऱ्याच्या माथी मारतो, याला काय म्हणावे?

याचे एक उत्तर आपल्याकडे तयार असते: संगीताचा मामला दीनमध्येच वादाचा आहे. हे खरे आहे, आणि हा वाद हलका समजू नये. सही बुखारीतच दोन्ही बाजूंना आधार सापडतो. एका हदीसमध्ये वाद्यांना हलाल ठरवणाऱ्या लोकांबद्दल इशारा आहे. दुसऱ्या हदीसमध्ये ईदच्या दिवशी हजरत आयेशा यांच्या घरी मुली गात असताना हजरत अबू बक्र रागावले आणि पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना अडवले, असा प्रसंग आहे. उलेमांनी यावर शतकानुशतके विचार केला. इमाम गजाली, ज्यांचे निधन 1111 साली झाले, त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समा आणि वज्द यांच्यावर एक संपूर्ण भाग लिहिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, गाणे माणसाच्या मनात बाहेरून काही आणून टाकत नाही, मनात जे आधीच असते त्यालाच ते हलवते. म्हणून एकच गाणे एकाला वर नेते आणि दुसऱ्याला खाली. दिल्लीत सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या काळात याच प्रश्नावर उलेमांची सभा भरली आणि हजरत निजामुद्दीन औलिया यांना तिथे आपली बाजू मांडावी लागली.

हजरत निजामुद्दीन यांची वचने अमीर हसन सिज्जी यांनी 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात नोंदवून ठेवली. हे अमीर हसन पुढे दख्खनमध्ये आले आणि आपल्या महाराष्ट्रातल्या खुलताबादेत त्यांची कबर आहे. म्हणजे ही चर्चा परक्या मुलखातली नाही, आपल्याच मातीत तिचा एक साक्षीदार झोपलेला आहे. त्या ग्रंथात समाच्या ज्या शर्ती येतात त्या चार गोष्टींबद्दल आहेत: गाणारा कसा असावा, गायले जाते ते कसे असावे, ऐकणारा कसा असावा, आणि साधने कोणती असावीत. गाणारा जाणता पुरुष असावा, गाणे अश्लील नसावे, ऐकणाऱ्याचे मन अल्लाहच्या स्मरणाने भरलेले असावे, आणि चंग-रबाबसारखी वाद्ये नसावीत. या शर्ती कडक आहेत. खरे तर आमच्या मैदानातली मैफल बाजा-तबल्यामुळे चौथ्या शर्तीवरच अडली असती.

पण या चार शर्तींतली तिसरी पुन्हा वाचून पाहावी. ऐकणारा तपासणीतून सुटलेला नाही. गाणाऱ्यावर जसा प्रश्न आहे तसाच ऐकणाऱ्यावरही आहे, आणि गाणाऱ्याचे वय डोळ्यांना दिसते, ऐकणाऱ्याचे मन मात्र दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब जास्त अवघड. आपण मात्र सोय केली आहे. गाणाऱ्याची जात, पेशा, चालचलन सगळे तपासतो आणि ऐकणारा म्हणून स्वतःला निर्दोष सोडून देतो.

आता आपल्यापैकी दोन प्रकारच्या माणसांचा विचार करू. एक, ज्यांना प्रामाणिकपणे वाटते की वाद्यांसह गाणे नाजायज आहे. असे लोक आमच्या स्टाफरूममध्ये आहेत, घरात आहेत, आणि त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. त्यांच्यापैकी जे खरे आहेत ते त्या रात्री मैदानात नव्हते. ते इशाची नमाज पढून घरी झोपले. त्यांच्या वागण्यात आणि बोलण्यात अंतर नाही. दुसरे, जे म्हणतात की शुद्ध मनाने ऐकले तर यात वाईट काही नाही. त्यांच्या दृष्टीने कव्वाल हा हम्द आणि नात लोकांपर्यंत पोचवणारा माणूस. मग त्याचा मान राखायला काय हरकत? या दोन्ही मतांतून गाणाऱ्याची हेटाळणी निघत नाही. पहिल्या मतातून दूर राहणे निघते, दुसऱ्यातून आदर निघतो. तिरस्कार निघतो तो तिसऱ्याच ठिकाणाहून: ऐकायचे तर आहे, पण ऐकण्याची किंमत आपल्या प्रतिष्ठेतून द्यायची नाही, या इच्छेतून.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनीच तो घेतला. ते म्हणाले, "माणूस कमजोर असतो. आपण जातो, ऐकतो, पण चूक आहे हे मनात जाणतो. चुकीला चूक म्हणणारा, चुकीला बरोबर ठरवणाऱ्यापेक्षा बरा नाही का?" होय, बरा आहे. गुनाह करून त्याची लाज वाटणे हे ईमानच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. पण ती लाज कोणाची वाटायला हवी? स्वतःची. आपल्या चुकीच्या जाणिवेने आपली मान खाली जायला हवी. इथे तर उलट घडते. चूक आपण करतो आणि मान ढोलकवाल्याची खाली जाते. तौबा स्वतःच्या नावाने करायची असते, शेजाऱ्याच्या नावाने नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपण कधीतरी एक रात्र ऐकतो, त्याने मात्र त्याचाच पेशा केला. पण पेशा एका हाताने होत नाही. देणारा आहे म्हणून घेणारा आहे. हजार माणसे एकेक रात्र ऐकतात तेव्हा त्याच्या हजार रात्री भरतात. मंचावर वाकून नोटा गोळा करणारा तो पोरगा आपण उधळलेल्या नोटांसाठीच वाकला होता. अदबीने हातात दिली असती तर त्याला वाकावे लागले नसते.

पेशाचे नाव शिवी कसे होते, हे खरे तर आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. उत्तर हिंदुस्थानात 'जुलाहा' हा शब्द किती काळ हिणवण्यासाठी वापरला गेला. सोलापूर हे शहर तर सूत आणि मागावर उभे आहे. इथली चादर देशभर जाते, घराघरांत अंथरली जाते, पण मागावर उभे राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांना कोणी कधी मानाने खुर्ची दिली? ज्यांनी स्वतः हे सोसले त्यांच्या तोंडी 'मिरासी' हा शब्द शिवीसारखा यावा, ही गोष्ट आम्हांला त्या रात्रीनंतर फार बोचली. मुळात हा शब्द 'मिरास' म्हणजे वारसा यावरून आला आहे. वारसा सांभाळणाऱ्याचे नाव आपण शिवी करून टाकले.

आणि वारशाचा विषय निघालाच आहे तर आपली आणखी एक सवय पाहावी. 1990 साली मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन आपल्याच सोलापुरात भरले. तेव्हापासून मराठीशी आपले नाते सांगताना आपण अभिमानाने कोणाकोणाची नावे घेतो? पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर सगनभाऊ, जे जातीने शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, आणि फडावर लावण्या गाणारे. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख. त्यांचा जन्म 1916 चा. गिरणी कामगारांपासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत मैदानामैदानांत त्यांचा आवाज घुमला. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक घेऊन गावोगाव फिरत गायले, आणि 1969 साली प्रवासातच अपघाती मृत्यू आला. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, ज्यांचे 1937 साली प्रवासात निधन झाले आणि ज्यांना मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. आजही तिथल्या उरुसात त्यांच्या आठवणीने गवई हजेरी लावतात. त्याच मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून जातात.

ही नावे आपण व्याख्यानांत घेतो, टाळ्या मिळवतो. पण विचार करावा की हे सगळे त्यांच्या काळात काय होते? फिरते गाणारे-वाजवणारे. आज मैदानात, उद्या रस्त्यावर. म्हणजे मेलेला गवई आपली शान असतो आणि जिवंत गवई टेम्पोच्या पायरीवर पाव खातो. निदान एका बाजूला तरी आपण खरे बोलायला हवे.

या हिशेबात एक तिसरी व्यक्तीही आहे, जी न गाते न ऐकू इच्छिते: शेजारी. त्या रात्री मैदानाला लागूनच्या एका घरात एक आजारी आजी होत्या. उकाड्यामुळे खिडक्या बंद करता येत नव्हत्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा दंडक पक्का केला. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, एवढेच. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. आपल्या मैफलीत तो आकडा पहिल्या टाळीलाच ओलांडला जातो, मग साडेबाराची गोष्टच काय. दुसऱ्यांच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल आपण तक्रार करतो, ती रास्तच आहे. पण माप एकच हवे. हुकूकुल इबादमध्ये शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे हे आपण मुलांना तिसरी-चौथीतच शिकवतो. अल्लाहच्या स्तुतीचे गाणे असले तरी ते आजारी माणसाची झोप मोडून गाण्याची परवानगी कोणी दिली? इथेही दोष कव्वालाचा नाही. भोंगा किती वाजेपर्यंत चालवायचा हे तो ठरवत नाही, बोलावणारे ठरवतात. आणि आम्ही तिथे बसून "और एक, और एक" म्हणत होतो.

तेव्हा ऐकणाऱ्याकडचे देणे काय? आम्ही आपापसांत बोलून जे ठरवले ते फार मोठे नाही. बोलावायचे तर बिदागी आधी ठरवावी आणि पूर्ण द्यावी, नजराण्याच्या भरवशावर सोडू नये. नोट द्यायची तर हातात द्यावी. गाणाऱ्यांना गाण्याआधी, पाहुण्यांसोबत, त्याच दस्तरखानावर जेवू घालावे. वेळ पाळावी, भोंग्याचे तोंड घरांकडे नसावे, आणि शेजारच्या घरांत आधी विचारून यावे. ज्याला हे जमत नाही किंवा ज्याचे मन गाणे मान्य करत नाही त्याने घरी राहावे. तेही मानाचेच आहे. फक्त ऐकून झाल्यावर हात झटकू नयेत.

हे लिहून आम्ही मोकळे झालो असतो. पण जून महिना आला आणि शाळा उघडली.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. आवाज असा की 15 ऑगस्टच्या कार्यक्रमात 'सारे जहाँ से अच्छा' त्याच्याशिवाय होत नाही. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत गावोगाव जातात, उन्हात लाल कोट घालून चालतात. हे वर्गाला ठाऊक आहे, आम्हांलाही ठाऊक आहे. नव्या वर्षाचे फॉर्म भरून आले तेव्हा त्याच्या फॉर्मवर वडिलांच्या पेशाच्या रकान्यात लिहिले होते: मजदूरी. अक्षर मुलाचे होते. आम्ही त्याला जवळ बोलावून हळूच म्हणालो, "बेटा, अब्बा तो बाजा बजाते ना?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "हौ। लेकिन बच्चे चिढाते।" मग थोडा थांबून म्हणाला, "पिछले साल सर लोगां भी हँसे थे।"

आम्हांला आठवेना. मग आठवले. कार्यक्रमाच्या तालमीच्या वेळी कोणीतरी म्हणाले होते, "बैंडवाले का बेटा है, सुर में तो गाएगा ही।" आम्ही ते कौतुक समजलो होतो. हसलोही होतो. त्याच्या कानाने त्यातले नेमके जे ऐकायचे ते ऐकले होते.

शिक्षक म्हणून आमचा हात रकाना दुरुस्त करायला गेला होता. खरे तेच लिहावे, हे आम्हीच शिकवतो. पण पेन थांबला. मुलाला खरे लिहायची लाज ज्यांनी लावली, त्यांनीच त्याच्याकडून सच्चाईची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आम्ही फॉर्म तसाच ठेवला आणि त्याच्या अब्बांना शाळेत बोलावले. तक्रारीसाठी बोलावले असे समजून ते घाबरत आले. आम्ही त्यांना स्टाफरूममध्ये बसवले, चहा दिला, आणि शाळेच्या कार्यक्रमात मुलांना दोन गोष्टी शिकवाल का, असे विचारले. ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शादी का सीजन नहीं रहा तो आऊँगा।"

पुढच्या जूनमध्ये तो मुलगा त्या रकान्यात काय लिहील, हे आमच्या हातात नाही. त्याने खरे लिहावे असे दिवस त्याच्या आसपास असावेत, एवढेच आमच्याकडचे देणे आहे. ते अजून फिटलेले नाही.